आपल्या जुन्या घराचे दप्तर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस जेव्हा बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोपविला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे ज्यास त्या वेळी मॅट्रिक म्हणत तेथपर्यंतच झालेले. पुढची सारी वर्षे मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. तेव्हा स्थापत्यशास्त्रावर अगर इतिहासावर अधिकाराने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु गेल्या दीड वर्षात आम्ही एक काम हाती घेतले आणि ते बव्हंशी तडीस नेले. ते काम आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी करण्याजोगे आहे आणि वेळ मात्र थोडा उरला आहे, म्हणून त्याविषयीच चार शब्द सांगतो.

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमच्या घराण्याचा एक दुचौकी वाडा आहे. त्याचे आज अकरा हिस्सेदार आहेत. त्यांतील एकच कुटुंब वाड्यात राहते. बाकीचे मुंबई, पुणे, ठाणे आणि दोघे परदेशी. दोन वर्षांपूर्वी सर्वांच्या संमतीने वाडा उतरवून जागा विकण्याचे ठरले. त्या संमतिपत्रावर आमचीही सही आहे आणि ती आम्ही समजून उमजून केली आहे. मागल्या चौकाचे वासे वाळवीने खाल्ले आहेत, पावसाळ्यात राहत्या माणसांच्या उशाशी पाणी गळते, आणि दुरुस्तीस लागणारा पैसा अकरा जणांकडून गोळा करणे म्हणजे काय असते हे ज्यांच्या घरी सामाईक मिळकत आहे त्यांना सांगावयास नको. तेव्हा जुने ते सारे राखावे, असा उपदेश आम्ही करीत नाही. घर जावयाचे असेल तर जावे. पण ते काय होते हे लिहून, मोजून आणि चितारून ठेवल्यावाचून जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

असे का म्हणतो, त्यास एक मोठे उदाहरण देतो. पुण्याचा शनिवारवाडा सन १७३२ मध्ये बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला, दगडी जोती राहिली, कारंज्यांचे हौद राहिले. परंतु वरचे सारे काम लाकडाचे होते, ते गेले. आज त्या जोत्यांवर उभे राहून वरच्या मजल्यांचे रूप आपण वर्णनांवरून कल्पितो. पेशव्यांच्या वाड्याची ही गत, तर आपल्यासारख्या लेखणीवर जगलेल्या घराण्यांच्या घरांची कथा काय! मराठी मुलुखातील वाडा हा मुख्यतः लाकडाचा देह आहे. तो उतरविला की खांब एकाकडे जातात, तुळया दुसऱ्याकडे, कोरीव दरवाजे एखाद्या उपाहारगृहाच्या शोभेस लागतात आणि जागेवर जोत्याचे चार दगड राहतात.

आता आमच्या वाड्याकडे वळतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगितली जाई की, वाडा पानिपतच्या आधीचा आहे आणि मूळ पुरुषाने तो उत्तरेच्या स्वारीतून आणलेल्या द्रव्यावर बांधला. लहानपणी आम्हीही ती मोठ्या अभिमानाने ऐकली. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर आडवा दगड आहे, त्यावर तीन ओळींचा लेख आहे; पण दरवर्षी दिवाळीस त्यावर चुना अगर रंग फासला गेल्यामुळे अक्षरे बुजून गेली होती. आम्ही प्रथम बांबूच्या पट्टीने आणि मऊ कुंचल्याने, लोखंड न लावता, रंगाचे थर हळूहळू काढले. शकाचे पहिले दोन आकडे, एक आणि सात, स्पष्ट निघाले. पुढचे दोन झिजून गेलेले. परंतु खालच्या ओळीत ‘परिधावी नाम संवत्सरे’ आणि ‘वैशाख’ ही अक्षरे शाबूत होती.

येथे पंचांग कामास आले. संवत्सरांची नावे साठ आहेत आणि ती साठ वर्षांनी फिरून येतात. शकात बारा मिळवून साठाने भागावे. बाकी जी राहील त्या क्रमांकाचे संवत्सर. परिधावी हे शेहेचाळिसावे. या हिशोबाने परिधावी संवत्सर शके १६५४, १७१४ आणि १७७४ या तीन वर्षी येते. शक सतराने सुरू होतो, म्हणून पहिले वर्ष बाद. आमच्या एका पुतण्यास मात्र ते फार आवडले होते, कारण त्याने वाडा शनिवारवाड्याच्या बरोबरीचा ठरत होता! मग उरली शके १७१४ आणि १७७४, म्हणजे इसवी सन १७९२ आणि १८५२. यांतून निवड कशी करावी? तो निर्णय घरातल्याच एका कागदाने केला. देवघराच्या वरच्या फडताळात एका रुमालात बांधलेले मोडी कागद होते. त्यांत शके १७५२, विकृति संवत्सर, श्रावणमासचे एक वाटणीपत्र निघाले. त्यात ‘थोरला चौक पाच खणी, देवडीसह’ असा स्पष्ट उल्लेख आहे. सन १८३० मध्ये ज्याची वाटणी झाली तो चौक १८५२ मध्ये बांधला गेला असणे शक्य नाही. तेव्हा वाडा १७९२ च्या वैशाखातला. पानिपतानंतर एकतीस वर्षांचा, सवाई माधवरावांच्या अमदानीतला. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले.

आख्यायिका गेल्याचे काही वडीलधाऱ्यांस वाईट वाटले. एका ज्येष्ठ बंधूंनी तर विचारले, “मास्तर, हे सांगून तुम्हांस काय मिळाले?” आम्ही म्हटले, घराला जन्मतारीख मिळाली. त्यांचे समाधान झाले नाही, आमचे झाले.

ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांस येथेच एक विनंती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत नेली. ते सारे कागद आपल्यासारख्यांच्याच घरांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून निघाले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करीत आले आहे. मोडी येत नाही म्हणून कागद रद्दीत घालू नका आणि गंगेतही सोडू नका. मोडी ही काही भुताची लिपी नव्हे. आम्ही निवृत्तीनंतर तीन महिन्यांत कामापुरती शिकलो. जुन्या घडीवर कागद तुटतो, म्हणून तो उलगडून सपाट ठेवावा, चिकटपट्टी लावू नये, आणि वाचता येवो वा न येवो, प्रत्येक पानाचे छायाचित्र आधी घेऊन ठेवावे.

आता बांधणीविषयी. जुन्या घराची गणती चौरस फुटांत होत नसे, ती खणांत होई. लांबीच्या अंगाने दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. खांबांच्या दोन ओळींमधील रुंदी म्हणजे घई. ‘पाच खणी दुघई सोपा’ एवढे म्हटले की जाणत्या सुतारास लाकूड किती लागेल ते कळे. आमच्या पुढल्या चौकाचा खण साडेतीन हातांचा, सव्वापाच फूट, आणि तो चारी बाजूंस जवळजवळ एकसारखा भरला. मागल्या चौकाचा खण मात्र पावणेपाच फूट आहे, खांब सागाचे नसून ऐनाचे आहेत आणि तळखडे अनघड आहेत. पुढच्या चौकात घडाईचे चौकोनी खिळे, तेही क्वचितच, कारण लाकडाचे कुसू लाकडाच्या खाचेत बसविलेले. मागे कारखान्यातील गोल तारेचे खिळे. यावरून मागला चौक पुष्कळ नंतरचा, आणि घरची स्थिती खालावल्यावर बांधलेला, हे कोणीही न सांगता दिसते. मंगलोरी कौलेही अशीच बोलकी आहेत. बासेल मिशनने मंगळूरास कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. तेव्हा ज्या छपरावर ती कौले आहेत ते छप्पर, निदान त्याचे आच्छादन, त्या सालानंतरचे. आमच्या माळ्याच्या कोपऱ्यात कुंभाराने घडविलेली जुनी नळीची कौले एका ढिगात निघाली. मूळ छपराची तेवढीच निशाणी.

भिंती पाहाव्या तर खाली काळ्या दगडाचे चार फूट जोते, त्यावर कमरेइतका दगड, मग पातळ विटा आणि माळ्यापाशी पांढरीच्या मातीचे काम. परंतु घराचा भार भिंतींवर नाही, तो खांब-तुळयांवर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या वेळी पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत दुभंगली आणि मागल्या माडीचा एक कोपरा कोसळला. पुढल्या चौकाचा एकही खांब हलला नाही. ती भेग अजून आहे. आम्ही तिचीही लांबी-रुंदी मोजून घेतली.

मोजणीचे साहित्य म्हणाल तर एक लांब टेप, एक ओळंबा, सुतळी आणि आलेखाची वही. प्रत्येक खोलीच्या चार भिंती मोजाव्याच, पण दोन्ही कर्णही मोजावे. एरवी खोली काटकोनी आहे असे धरून नकाशा काढला जातो आणि शेवटी भिंतीस भिंत मिळत नाही. भिंतीची जाडी दारापाशी घ्यावी. हल्ली मोबाईलवर छायाचित्रे सहज निघतात. ती काढताना चौकटीशेजारी एक फूटपट्टी उभी करावी, म्हणजे पुढे कोणासही माप कळेल. निवडक छायाचित्रांच्या कागदी प्रती काढून मागे शिसपेन्सिलीने जागा व दिशा लिहावी. यंत्रे दर चार-पाच वर्षांनी बदलतात, आणि त्यांच्याबरोबर हजारो चित्रे कोठे जातात ते देव जाणे. सन २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे मोजमाप ड्रोनने होत आहे. ती सनद हिस्सेदारांनी जरूर घ्यावी. पण आकाशातून छप्पर दिसते, छपराखालचे काही दिसत नाही.

छपराखालचे आम्हांस आमच्या आत्याबाईंनी दाखविले. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. गुडघ्यांमुळे त्यांना वाड्यात हिंडता येत नाही. आम्ही आमचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा न लावताच तो बाजूस सारला आणि पलंगावरच्या चादरीवर बोटाने सारा वाडा काढला. ज्या जागेस आम्ही ‘उत्तरेची खोली, ९ बाय ७’ असे लिहिले होते ती बाळंतिणीची खोली. तिला एकच झरोका का, तर वारा लागू नये. माजघराच्या भिंतीत जी पोकळी आम्हांस बुजविलेले दार वाटली होती ते बळद; वरच्या माळ्यावरून धान्य ओतावयाचे आणि खालच्या तोंडातून काढावयाचे. त्यात जोंधळा किती खंडी मावे, आणि तोंड उघडताना मुलांना दूर का ठेवीत, हेही त्यांनी सांगितले. खंडाचे धान्य कूळकायद्यामुळे १९५७ पासून यावयाचे बंद झाले. त्या वर्षी त्या वीस वर्षांच्या होत्या आणि बळद रिकामे झाल्यावर त्यात गोवऱ्या भरल्याचे त्यांना पक्के आठवते. पुढे कोठीघर भाड्याने दिले गेले. घराण्याच्या उत्पन्नात झालेला हा पालट कोणत्याही कागदात आम्हांस इतका नीट सापडला नाही.

तेव्हा टेप हाती घेण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध बाईस गाठावे. पुरुषमंडळी दिवाणखान्याची आणि सदरेची माहिती देतात. उरलेले बारा आणे घर बायकांना माहीत असते.

यापुढे जे सांगावयाचे आहे ते सांगावे की न सांगावे, याविषयी आमच्या घरात वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, तरी सांगतो. माजघराच्या मागे जिन्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही. आमच्या पणजोबांच्या दोन बहिणी बालपणी विधवा झाल्या. लाल आलवण नेसून त्यांनी आपले सारे आयुष्य त्या खोलीत आणि चुलीपुढे काढले, असे आत्याबाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकले होते. वंशावळीत त्या दोघींची नावे नाहीत. परसात आडाजवळ एक पसरट दगड आहे, मधोमध खोलगट झिजलेला. गावकुसाबाहेरची माणसे पाण्यास येत ती मागल्या बोळातून, आणि त्यांना आडास हात लावण्याची मुभा नव्हती. त्या दगडावर त्यांनी आपली भांडी ठेवावयाची आणि आमच्या घरच्या गड्याने वरून पाणी ओतावयाचे. त्याच बोळात टोपलीच्या पायखान्याचे लहान दार आहे, ते उघडणाऱ्यास वाड्याच्या दिंडीतून कधी येता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी का प्राशन केले, हे आम्ही वर्गात पुस्तकातून पुष्कळ वर्षे शिकविले. तो दगड मोजताना ते आम्हांस पुस्तकावाचून समजले.

आमच्या काही भाऊबंदांचे म्हणणे असे की, महिरपी, सुरूदार खांब, देवघर एवढे नोंदवावे. खोली आणि दगड यांची वाच्यता कशाला? घराची अब्रू आपणच का काढावी? त्यांचा हेतू आम्ही जाणतो. परंतु घराचा नकाशा काढावयाचा आणि त्यातील दोन जागा कोऱ्या सोडावयाच्या, हे आम्हांस पटले नाही. उद्या कोणी तो नकाशा वाचील तेव्हा जिन्याखाली काय होते, हे तो विचारीलच. आम्ही खोलीचे माप लिहिले, दगडाचे माप लिहिले, त्यांचा वापर काय होता ते साध्या शब्दांत लिहिले. त्या दोन आज्यांची नावे आत्याबाईंना आठवत होती. ती वंशावळीत त्यांच्या भावांच्या ओळीत घातली.

बांधणाऱ्यांची नावे मात्र कोठेही मिळाली नाहीत. दरवाजावरच्या लेखात आमच्या मूळ पुरुषाचे नाव आहे, त्याच्या वडिलांचे आहे, कुलस्वामीचे आहे. एका जुन्या हिशोबाच्या चोपडीत ‘सुतार असामी’, ‘पाथरवट असामी’ एवढेच, आणि पुढे दिलेले धान्य. परंतु पुढल्या चौकाच्या तुळयांच्या टोकांशी शिडी लावून पाहता पटाशीने कोरलेल्या खुणा दिसल्या: एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीवर रेघ. जमिनीवर सांगाडा जुळवून पाहिल्यावर तो वर चढविताना कोणते लाकूड कोणत्या खाचेत जावयाचे, यासाठी सुतारांनी केलेले ते आकडे. दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी एकही खूण चुकलेली नाही. आम्ही त्या चोवीस खुणांचे ठसे कागद लावून शिसपेन्सिलीने घासून घेतले आहेत. सभागृहाबाहेरच्या मेजावर ते मांडले आहेत. मंडळींनी चहापानाच्या वेळी जरूर पाहावे.

खर्चाचा प्रश्न काहींनी आधीच विचारला. टेप, वह्या, छायाचित्रांच्या प्रती, दोनदा केलेला प्रवास आणि मोठा नकाशा स्वच्छ काढून देणाऱ्या एका तरुण आरेखकाचे मानधन, हे सारे मिळून एखाद्या साध्या बारशाइतका खर्च आला. आमच्या नातवाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मे महिन्याच्या सुटीत मोजणी केली. त्यांना प्रथम कंटाळा आला होता, बळद सापडल्यावर तो गेला.

संस्थेपुढे एकच सूचना ठेवतो. आपल्या कार्यालयात वधूवरांच्या याद्या जेथे ठेविल्या आहेत त्या कपाटाचा एक कप्पा घरांच्या नोंदींसाठी मोकळा करावा. ज्या कुटुंबाचे घर विकले अगर उतरविले जाणार असेल, त्याने नकाशाची, छायाचित्रांची आणि कागदांच्या नकलांची एक प्रत तेथे द्यावी. आमची प्रत आज चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे.

वाडा उतरविण्याचे काम येत्या दिवाळीनंतर सुरू व्हावयाचे आहे. चौकटीवरचा लेख गावच्या देवळाच्या ओवरीत बसविण्यास पंचांनी संमती दिली आहे. परसातील दगडाचे काय करावे, याविषयी अकरा हिस्सेदारांचे अजून एकमत नाही. पुढील महिन्यात बैठक आहे. ज्यांना वाडा उभा असताना पाहावयाचा असेल त्यांनी कोजागिरीपूर्वी आम्हांस कळवावे. येताना विजेरी आणावी. माळ्यावर दिवा नाही आणि जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे.